मुलांना सावरणारे सरकारी अनुदान: फोंडा तालुक्यातील एका लहान संस्थेने केलेले परीक्षण

मुलांच्या संरक्षणासाठी असलेल्या केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेतून गरजू मुलाच्या कुटुंबाला दरमहा मिळणारे ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व हा मुलांना आडवाटेला जाण्यापासून सावरणाऱ्या सरकारी खर्चातील सर्वांत उपयुक्त भाग आहे, आणि आमच्यासारख्या लहान संस्थांना उपक्रमांसाठी मिळणारे अनुदान हा त्यातील सर्वांत कच्चा भाग आहे. फोंडा तालुक्यात संध्याकाळचे अभ्यासकेंद्र आणि खेळाचा वर्ग चालवणाऱ्या एका नोंदणीकृत संस्थेचा खजिनदार या नात्याने मी हे मत नोंदवीत आहे. आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी काहींचे आईवडील कुंडई आणि बेतोडा येथील औद्योगिक वसाहतींत पाळीने काम करतात, काहींनी नववीत नापास झाल्यावर शाळा सोडलेली असते, आणि काही मुले पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहणाऱ्या घरांतील असली तरी दारूमुळे किंवा मटक्यामुळे त्यांच्या घरात रोजची ओढाताण असते. अशा मुलांसाठी सार्वजनिक पैसा कसा येतो, केव्हा येतो आणि आल्यावर त्यातून नेमके काय उभे करता येते, ही माहिती अर्ज करू इच्छिणाऱ्या संस्थांना आणि पालकांना एका जागी मिळत नाही, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

या खर्चाचा कायदेशीर पाया भक्कम आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. बाल न्याय (मुलांची काळजी आणि संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे आणि अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला तो मूल मानतो. गोव्याने तर त्याच्या कितीतरी आधी, २००३ मध्ये, स्वतःचा गोवा बाल अधिनियम केला. केंद्रीय कायद्यानुसार एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते यांचे बाल न्याय मंडळ कायद्याशी संघर्षात सापडलेल्या, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणे पाहते, आणि अध्यक्ष व चार सदस्यांची बाल कल्याण समिती काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची. २०१६ च्या आदर्श नियमांत एक फार चांगली तरतूद आहे: आरोप अतिगंभीर गुन्ह्याचा नसेल आणि कृत्य प्रौढ व्यक्तींच्या सोबतीने केल्याचा आरोप नसेल, तर मुलाविरुद्ध एफआयआर नोंदवायचा नसतो, ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या घरच्या आणि सामाजिक परिस्थितीचा अहवाल मंडळापुढे ठेवायचा असतो. त्यानंतर मंडळ समज देऊन सोडू शकते, गटसमुपदेशनाचा किंवा सामुदायिक सेवेचा आदेश देऊ शकते, परिविक्षेवर (प्रोबेशनवर, म्हणजे देखरेखीच्या अटीवर) घरी पाठवू शकते. मोबाइल उचलला, कोणाची तरी दुचाकी पळवून रस्त्यात सोडून दिली, अशा प्रकरणांत हा मार्ग मुलाचे पुढचे आयुष्य वाचवतो. परंतु समुपदेशन कोण करणार, सामुदायिक सेवा कोणाच्या देखरेखीखाली होणार, परिविक्षेवरील मुलगा संध्याकाळी कुठे बसणार, या प्रश्नांची उत्तरे कायद्याच्या पुस्तकात मिळत नाहीत. ती गावात पगार घेऊन काम करणाऱ्या माणसांतच मिळतात, आणि त्या माणसांचा पगार अनुदानातून यायचा असतो.

पैशाची मुख्य वाट मिशन वात्सल्यची आहे. २००९-१० मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेचे हे आजचे रूप असून तिच्या सध्याच्या मार्गदर्शक सूचना जुलै २०२२ मध्ये आल्या. खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा असतो. त्यातून बाल कल्याण समित्या, बाल न्याय मंडळे, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालगृहे, निरीक्षणगृहे आणि शहरी भागातील खुली निवारागृहे चालतात. गोव्यात मेरशीचे ‘अपना घर’ हे त्यातील सर्वांना माहीत असलेले नाव. याशिवाय व्यसनप्रतिबंधाचा निधी केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाकडून येतो, युवक मंडळांच्या उपक्रमांचा निधी युवक व्यवहाराच्या खात्यांकडून येतो, आणि कलावर्गांना सांस्कृतिक खात्याच्या अनुदानाचा आधार मिळू शकतो. प्रत्येक वाटेचा अर्ज वेगळा, कागदपत्रे थोडी वेगळी आणि वर्षाचे वेळापत्रकही वेगळे. लहान संस्थेला एकाच मुलाच्या संध्याकाळसाठी चार खात्यांच्या दारात उभे राहावे लागते, कारण मुलाचे व्यसन, अभ्यास, खेळ आणि घर यांची खाती वेगळी असली तरी मूल एकच असते.

आता प्रायोजकत्वाविषयी, कारण या भागाची माहिती सर्वांत कमी लोकांना आहे आणि तिची गरज सर्वांत जास्त घरांना आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये प्रायोजकत्वाचे निकष दिले आहेत: आई विधवा, घटस्फोटित किंवा कुटुंबाने सोडून दिलेली असणे, मूल अनाथ असून नातेवाइकांच्या घरी राहणे, आईवडिलांना जीवघेणा आजार असणे, किंवा अपघातामुळे ते मुलाला सांभाळण्यास असमर्थ झालेले असणे. मिशन वात्सल्यच्या सूचनांनी ही व्याप्ती बालमजुरीतून सोडवलेली, घरातून पळून गेलेली, बेघर किंवा दिव्यांग अशा मुलांपर्यंत नेली आहे. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जातो, चौकशी होते, समितीची मंजुरी लागते आणि रक्कम बँक खात्यात जमा होते. या व्यवस्थेचे मोठेपण असे की मुलाला संस्थेत न पाठवता त्याच्याच घरात ठेवण्यासाठी सरकार पैसे देते. नवरा गेल्यावर पहाटे मासळीची पाटी घेऊन बाजारात जाणाऱ्या बाईच्या घरी दरमहा ४,००० रुपये आले, तर तिचा चौदा वर्षांचा मुलगा गॅरेजमध्ये किंवा रात्रीच्या ढाब्यावर कामाला लागण्याऐवजी दहावीच्या वर्गात बसतो. रात्री उशिरापर्यंत बाहेर काम करणारा, हातात रोख पैसा आलेला आणि शाळेशी संबंध तुटलेला मुलगा वाईट संगतीच्या किती जवळ असतो, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. म्हणून माझ्या मते हेच गुन्हेगारी-प्रतिबंधाचे सर्वांत चांगले अनुदान आहे, जरी त्याच्या नावात तो शब्द नसला तरी.

या योजनेत दोन अडचणी आहेत आणि त्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. पहिली उत्पन्नमर्यादेची. ग्रामीण भागात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांपेक्षा आणि इतर भागांत ९६,००० रुपयांपेक्षा अधिक नसावे, अशी अट आहे. याचा अर्थ खेडेगावात महिन्याला ६,००० आणि शहरात ८,००० रुपये. गोव्यात महिनाभर नियमित पाळी मिळणारा अकुशल कामगारदेखील या रेषेच्या वर जातो, आणि घरभाडे, बसभाडे व बाजारहाट यांचा गोव्यातील खर्च ध्यानात घेतला तर रेषेच्या थोडे वर असलेले घर रेषेखालच्या घराइतकेच हलाखीत असते. देशभर एकच आकडा ठेवण्याऐवजी तो त्या त्या राज्याच्या किमान वेतनाशी जोडणे न्याय्य ठरेल, असे मला मनापासून वाटते. दुसरी अडचण दाखल्यांची. गोव्याच्या अनेक राज्य-योजनांत, उदाहरणार्थ दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत आणि गृह आधार योजनेत, पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. त्यामुळे खिडकीवर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला प्रत्येक अर्जासोबत तोच दाखला मागण्याची सवय लागलेली असते. कलम ४५ च्या निकषांत अशा वास्तव्याची अट कुठेही नाही. तरीही आमच्या केंद्रातील एका मुलाच्या आईला एका कार्यालयातून याच दाखल्यासाठी परत पाठवण्यात आले आणि मार्गदर्शक सूचनांची प्रत समोर ठेवल्यावरच अर्ज स्वीकारला गेला. परप्रांतांतून येऊन इथे राबणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना या पैशाची सर्वाधिक गरज असताना नेमकी तीच मुले एका अनावश्यक कागदामुळे बाहेर राहतात, हे गंभीर आहे. अर्ज भरायला मदत करणाऱ्या प्रत्येकाने त्या सूचनांची छापील प्रत सोबत न्यावी.

वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर बालगृहातून बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी कलम ४६ खाली आर्थिक साहाय्याची सोय आहे, आणि मिशन वात्सल्यमध्ये तीही दरमहा ४,००० रुपयांचीच आहे. साधारण २१ वर्षांपर्यंत, आणि अपवादात्मक परिस्थितीत २३ पर्यंत, ती मिळू शकते. गोव्यात एका खोलीचे भाडेही या रकमेत सहज निघत नाही, पण आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलाच्या जेवणाचा आणि प्रवासाचा प्रश्न त्याने सुटतो. ही सोय चांगली आहे आणि तिची रक्कम वाढली पाहिजे, एवढेच इथे नोंदवतो.

संस्थांच्या उपक्रम-अनुदानाकडे वळल्यावर चित्र बदलते. मे महिन्याच्या सुट्टीनंतर शाळा जूनमध्ये भरतात, आणि ज्या मुलाचा अभ्यास मागे पडलेला आहे त्याला पहिल्या पावसातच हात द्यावा लागतो. गणपतीपर्यंत तो वर्गात टिकला तर वर्षभर टिकण्याची शक्यता वाढते. सरकारचे आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. प्रस्ताव मागवणे, छाननी, पाहणी, मंजुरी आदेश आणि मग हप्ता असा प्रवास होईपर्यंत आमच्या अनुभवात पावसाळा तर संपलेला असतोच, पण कित्येकदा बोर्डाच्या परीक्षाही तोंडावर आलेल्या असतात. ज्या खात्याकडून आम्ही अनुदान घेतले त्याचे नाव इथे घेत नाही, कारण ही अडचण एकाच खात्याची आहे असे मला वाटत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी रक्कम खात्यात आली आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवण्याची सूचना तिच्यासोबत आली. वर्षभर मुलांसोबत बसणाऱ्या शिक्षिकेचे मानधन आम्ही देणग्यांतून आणि सदस्यांच्या खिशातून कसेबसे दिले होते. मंजूर झालेल्या अंदाजपत्रकात मात्र शिबिर, व्याख्यान, टी-शर्ट, फलक आणि अल्पोपाहार यांचीच शीर्षके होती. मग महिनाभरात एक शिबिर झाले, त्यात भाषणे झाली, छायाचित्रे निघाली, आणि सर्व खर्च नियमानुसार झाला. त्या शिबिरात मुले आनंदाने आली होती, हेही खरे आहे. परंतु ज्या मुलाला मार्चमध्ये शिबिरात टी-शर्ट मिळाला, तो ऑगस्टमध्येच शाळा सोडून बसला होता.

या व्यवस्थेविषयीची माझी मुख्य तक्रार इथे आहे. मुलगा सावरतो तो रोज भेटणाऱ्या, त्याचे नाव आणि घर माहीत असलेल्या, त्याने दांडी मारली तर दारात जाऊन चौकशी करणाऱ्या एका विश्वासू मोठ्या माणसामुळे. हे माणूसपण टिकवायला नियमित मानधन लागते. उपक्रम-अनुदान वस्तू आणि कार्यक्रम यांच्यावर खर्च करायला सहज तयार होते, माणसाच्या मानधनाला मात्र हात आखडता घेते. खासदार स्थानिक विकास निधीचे उदाहरण घ्या: प्रत्येक खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचवता येतात, पण ती टिकाऊ सामुदायिक मालमत्तेची असावी लागतात. सभागृह बांधता येते, व्यायामशाळा उभारता येते. तिथे संध्याकाळी मुलांना घेऊन बसणाऱ्या माणसाचा पगार त्यातून देता येत नाही. आपल्या तालुक्यातही सुंदर सभागृहे कुलूप लावून उभी आहेत, आणि त्यांच्या पायऱ्यांवर मुले मोबाइलमध्ये डोके घालून बसलेली दिसतात.

माणसांवर नियमित खर्च करणे सरकारला जमत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. गोव्यातील अनुदानित शाळांच्या शिक्षकांचे वेतन अनुदानातून येते. बालरथ योजनेत शाळांना बसच्या सोबत चालक, मदतनीस आणि इंधन यांसाठीही अनुदान दिले जाते, कारण चालकाविना बस निरुपयोगी आहे हे सर्वांना कळते. कांपाल येथील बालभवन आणि त्याची ठिकठिकाणची केंद्रे पाहा: तिथे ठरलेल्या दिवशी तबल्याचे, चित्रकलेचे, नृत्याचे शिक्षक येतात, म्हणून मुलेही येतात. आमच्या वर्गातील एक अत्यंत उनाड समजला जाणारा मुलगा केवळ तबल्याच्या शिक्षकांचा शब्द मोडायचा नाही म्हणून नियमित शाळेत जाऊ लागला. वस्त्यांमधील किशोरवयीन मुलांसाठी याच पद्धतीचे, वर्षभराच्या मानधनाचे अनुदान हवे आहे.

हिशेबाच्या नियमांविषयी अनेक संस्थांची तक्रार असते, पण माझे मत त्यांच्यापेक्षा वेगळे आहे. केंद्राच्या निधीला सामान्य वित्तीय नियम, २०१७ लागू होतात. त्यानुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र (रक्कम ठरलेल्या कामासाठीच खर्च झाल्याचा दाखला) द्यावे लागते, अनुदानावर बँकेत मिळालेले व्याज सरकारला परत करावे लागते, आणि आधीच्या रकमेचा हिशेब दिल्याशिवाय पुढची रक्कम सुटत नाही. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर संस्थेची नोंदणी आणि सरकारी निधीचा हिशेब ठेवणाऱ्या पीएफएमएस या संगणक प्रणालीत बँक खात्याची जोडणी या गोष्टीही आता टाळता येत नाहीत. लोकांच्या कराचा पैसा, तोही मुलांच्या नावाने आलेला, असा काटेकोर तपासला जाणे योग्यच आहे. आमच्याकडे कॅशबुक, व्हाउचर, साठा नोंदवही आणि हजेरीपट अद्ययावत असतात आणि लेखापरीक्षणाने आम्हाला कधीही त्रास झालेला नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की काटेकोरपणा एकाच बाजूने आहे. संस्थेने हिशेब बारा महिन्यांत द्यावा असा नियम आहे, तर मंजुरीनंतर किती दिवसांत हप्ता द्यावा यालाही तितकीच पक्की मुदत असली पाहिजे, आणि ती चुकली तर खर्चाची मुदत आपोआप पुढे गेली पाहिजे.

अर्जाच्या नमुन्यातील एक गोष्ट मला फार खटकली. ‘गुन्हेगारीकडे झुकण्याची शक्यता असलेल्या’ मुलांची नावानिशी यादी आमच्याकडे मागण्यात आली. संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये स्वीकारलेल्या रियाध मार्गदर्शक तत्त्वांत याच विषयावर स्पष्ट इशारा आहे: एखाद्या तरुणाला बिघडलेला किंवा बिघडण्याच्या मार्गावर असलेला असा शिक्का मारल्याने तसे वागणे पक्के होत जाते. आपल्या बाल न्याय अधिनियमातही मुलाला कलंक लागेल अशी भाषा वापरू नये, हे मूलभूत तत्त्वांमध्ये लिहिलेले आहे. गोव्यातील गाव लहान असते. वाड्यावर सगळे एकमेकांना ओळखतात, आणि अशी यादी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना कोणाच्या काकाच्या किंवा शेजाऱ्याच्या नजरेस पडेल, हे सांगता येत नाही. आम्ही नावे दिली नाहीत. वस्ती, वयोगट आणि मुलांची संख्या एवढेच कळवले, आणि वर्ग त्या वस्तीतील सर्व मुलांसाठी खुला असल्याचे लिहून दिले. काही पत्रव्यवहारानंतर ते मान्य झाले.

छायाचित्रांचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. उपक्रम झाल्याचा पुरावा म्हणून स्थळ आणि वेळ यांच्या नोंदीसह छायाचित्रे मागितली जातात, आणि ती नंतर समाजमाध्यमांवर झळकतात. कायद्याशी संघर्षात आलेल्या किंवा काळजी व संरक्षणाच्या प्रक्रियेत असलेल्या मुलाची ओळख उघड करणे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने निषिद्ध केले आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंतचा कारावास, दोन लाख रुपयांपर्यंतचा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. परिविक्षेवर असलेला मुलगा आमच्या वर्गात इतर मुलांत मिसळून बसलेला असताना त्याचा चेहरा ‘गुन्हेगारी प्रतिबंध उपक्रम’ अशा फलकाखाली प्रसिद्ध झाला, तर त्याला कायद्याने दिलेली नव्या सुरुवातीची हमी आपणच मोडल्यासारखे होते. संस्थांनी पाठमोरी छायाचित्रे काढावीत, फलकावर केवळ ‘संध्याकाळचा अभ्यासवर्ग’ असे लिहावे आणि खात्याला कलम दाखवून द्यावे. कलम दाखवल्यावर आमच्याकडे कोणी आग्रह धरलेला नाही.

कोणत्या उपक्रमाला पैसा द्यावा हे ठरवताना परिणामाचा अभ्यास पाहिला जात नाही, ही उणीव मात्र मोठी आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दम भरवण्याचे कार्यक्रम फार लोकप्रिय झाले होते. पुढे यादृच्छिक पद्धतीने (चिठ्ठ्या टाकल्यासारखे मुलांचे गट पाडून) केलेल्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या तेव्हा असे दिसले की, ज्यांच्यासाठी काहीच केले नव्हते अशा मुलांपेक्षा त्या कार्यक्रमांत नेलेल्या मुलांकडून पुढे अधिक गुन्हे घडले. भीती दाखवणारे भाषण, व्यसनाच्या भयंकर परिणामांची चित्रफीत, ठाण्याची भेट, या गोष्टी प्रस्तावात उठून दिसतात आणि स्वस्तही असतात, म्हणून हा निष्कर्ष छाननी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हवा. याच्या उलट, २०१२ मध्ये शिकागो शहरातील हिंसाग्रस्त भागांतल्या शाळांमधील मुलांना उन्हाळ्यात आठ आठवड्यांचे पगारी अर्धवेळ काम आणि सोबत मार्गदर्शक मोठे माणूस देण्यात आले. पुढील १६ महिन्यांत त्यांच्या हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका तुलनेच्या गटापेक्षा ४३ टक्क्यांनी कमी राहिल्या, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. शिकागो आणि फोंडा यांत फार अंतर आहे, आणि तेथील आकडा इथे जसाच्या तसा लागू पडेल असे मी म्हणत नाही. पण नियमित काम, हक्काचा थोडा पैसा आणि विचारपूस करणारा प्रौढ यांचा उपयोग होतो हे आमच्या लहानशा अनुभवाशी जुळते.

अमेरिकेच्याच कायद्यातील आणखी एक कल्पना आपल्याकडे विचारात घेण्याजोगी आहे. १९७४ च्या तेथील बालगुन्हेगारी प्रतिबंधक कायद्याने राज्यांना निधी देताना अटी घातल्या: शाळा चुकवणे किंवा घरातून पळणे अशा, प्रौढाने केल्यास गुन्हाच न ठरणाऱ्या कारणांसाठी मुलांना कोंडून ठेवायचे नाही, आणि अटकेतील मुलांना प्रौढ कैद्यांपासून दूर ठेवायचे. अटी न पाळणाऱ्या राज्याच्या निधीला कात्री लागते. अनुदान हे मुलांच्या संरक्षणाची अट पाळून घेण्याचे साधनही होऊ शकते, असा याचा अर्थ आहे. आपल्याकडे कलम ७४ चे पालन, नावांच्या याद्या न मागणे आणि वर्षभर एक तरी मानधनावरील कार्यकर्ता ठेवणे या अटी प्रत्येक मंजुरी आदेशात घातल्या, तर एक पैसाही अधिक न लागता उपक्रमांचा दर्जा सुधारेल.

या यंत्रणेत काम करणाऱ्या माणसांविषयी कृतज्ञतेने लिहिले पाहिजे. आम्हाला भेटलेल्या समुपदेशक आणि परिविक्षेचे काम पाहणाऱ्या व्यक्ती कामाच्या वेळेनंतरही फोन घेतात, मुलाच्या घरी जातात, आणि आईला ‘बाय, घाबरू नकोस’ असा धीर देऊन अर्ज भरून घेतात. त्यांतील अनेक जण कंत्राटी पदांवर असतात. एखाद्या मुलाचा विश्वास बसतो न बसतो तोच समोरची व्यक्ती बदलते, आणि मुलाला आपली सगळी कहाणी नव्या माणसाला पुन्हा सांगावी लागते. संकटातल्या मुलासाठीची १०९८ ही हेल्पलाइन २०२३ पासून सरकारी यंत्रणेकडे आली असून ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली आहे. आम्ही तिचा उपयोग केला तेव्हा प्रतिसाद लवकर मिळाला. फोननंतरचा पाठपुरावा मात्र पुन्हा त्या कंत्राटी माणसांवरच अवलंबून राहतो.

अर्ज करावा की नाही, असे मला कोणी विचारले तर माझे उत्तर संस्थेच्या परिस्थितीवर अवलंबून राहील. किमान सहा महिने अनुदानाविना वर्ग चालवण्याची ताकद असलेल्या संस्थेने उपक्रम-अनुदानासाठी अवश्य अर्ज करावा, आणि प्रस्तावात पहिलेच शीर्षक मानधनाचे ठेवावे. ते छाननीत कापले गेले तर लेखी कारण मागावे. तेवढी ताकद नसलेल्या नव्या संस्थेने पहिल्या वर्षी अनुदानाच्या मागे न लागता आपल्या वस्तीतील पात्र कुटुंबांचे प्रायोजकत्वाचे अर्ज भरून द्यावेत. त्यासाठी नोंदणी लागत नाही, लेखापरीक्षण लागत नाही, आणि मुलाच्या घरी त्याचा परिणाम सर्वांत आधी दिसतो. मुलाचा जन्मदाखला, आधार, शाळेचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, वडिलांचा मृत्युदाखला किंवा आजाराची कागदपत्रे, आणि बँकेचे पासबुक एवढे जमवून जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जावे आणि पोचपावती घेतल्याशिवाय परत येऊ नये. उत्पन्नाच्या दाखल्यालाच सर्वाधिक वेळ जातो. तेव्हा मे महिन्यात, सुट्टीनंतर शाळा भरण्यापूर्वीच, मामलेदार कार्यालयात त्याचा अर्ज टाकावा.

आमची संस्था येत्या वर्षी पुन्हा अर्ज करणार आहे. शिबिराची रक्कम आम्ही कमी केली आहे, टी-शर्ट आणि फलक वगळले आहेत, आणि दोन शिक्षकांचे बारा महिन्यांचे मानधन मागितले आहे. प्रस्तावाची एक प्रत ग्रामसभेपुढे ठेवून तिचा पाठिंब्याचा ठरावही जोडणार आहोत, म्हणजे मानधनाचे शीर्षक कापायचे झाल्यास त्याचे कारण संस्थेसोबत गावालाही द्यावे लागेल.